ठिपकेवाल्याचा समुद्र

परवा गेर्लिंगेनच्या बाजारचौकात श्पार्गेलची, म्हणजे इथल्या शतावरीची, टपरी पुन्हा उभी राहिली. पांढरे, बोटाएवढे जाड कोंब, ओल्या फडक्याखाली झोपवलेले. जर्मन माणूस एरवी कशानं फारसा हरखत नाही, पण एप्रिल सरता सरता हे कोंब दिसले की रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशीसुद्धा बोलायला लागतो. लोण्यात करायचे की सॉसमध्ये, साल किती काढायची, यंदा थंडी लांबली म्हणून उशीर झाला का. जूनच्या शेवटी ठरल्या दिवशी काढणी थांबते आणि मग कुणी त्यांचं नावही काढत नाही. मी दरवर्षी घेते. शिरीष, म्हणजे माझा नवरा, दरवर्षी म्हणतो की याला चव नाही, आणि दरवर्षी दोनदा वाढून घेतो.

याच आठवड्यांत आमच्याकडे दुसरा एक हंगाम सुरू होतो, आईवडिलांचा. व्हिसा तीन महिन्यांचा, म्हणून सगळे मे ते जुलै गाठतात. स्टुटगार्टच्या आसपास इंजिनियरिंगच्या कंपन्यांत चिकटलेली मराठी घरं काही कमी नाहीत, त्यामुळे मे उजाडला की शेतांमधल्या पायवाटांवर साडीखाली पांढरे बूट आणि सदऱ्यावर स्वेटर दिसायला लागतात. बॅगांमधून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला उतरतो. रात्री साडेनऊलाही उजेड कसा, यावर पहिला आठवडा जातो. कचरा चार डब्यांत का टाकायचा, यावर दुसरा.

अण्णा, माझे सासरे, आले तो फुटबॉलच्या वर्ल्ड कपचा उन्हाळा होता. गाड्यांच्या खिडक्यांना झेंडे, बाल्कन्यांना झेंडे. सासूबाई जाऊन चार वर्षं होत आली होती, त्यामुळे ते एकटेच आले. दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांनी उसना मागून घ्यायचा तास, हा समज त्यांनी आपल्या शाळेत रुजू दिला नाही. तास मागायला आलेल्या गणिताच्या सरांना ते म्हणत, आधी या मुलांना सरळ रेघ येऊ द्या, मग तुमची भूमिती. माणूस स्पष्ट, थोडा तिरकस, आणि चहा गार झाला तर न पिणारा.

त्यांच्याबरोबर पीव्हीसी पाइपचा एक हातभर लांब तुकडा आला, दोन्ही टोकांना टोपणं लावलेला. फ्रँकफर्टच्या कस्टमवाल्यानं तो उघडायला लावला. आत गुंडाळलेली चित्रं होती. समुद्र, आणखी समुद्र, मग होड्या आणि समुद्र. चौथ्या कागदावर त्या माणसानं हात हलवून जायला सांगितलं, हे अण्णा नंतर आल्या-गेल्याला सांगत राहिले. चित्रं आणण्याचं कारण होतं. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी दिवाळीत शाळेच्या हॉलमध्ये अण्णांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या चित्रांना ग्रेड देणाऱ्या माणसाची स्वतःची चित्रं पहिल्यांदाच भिंतीवर लागणार होती. त्यातली निवडायची कोणती, अजून करायची कोणती, हे इथं निवांत ठरवू, असा त्यांचा बेत होता. बोलून दाखवत नसत, पण त्या प्रदर्शनावर त्यांचा जीव होता.

पहिल्याच रविवारी आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर चिकटपट्टीनं सगळी चित्रं लागली. फरमीटर, म्हणजे आमचा घरमालक, भिंतीला डाग पडला तर डिपॉझिटमधून कापेल, असं शिरीष पुटपुटला. मी चित्रं बघत राहिले. सुरुवातीच्या दोन-तीन चित्रांत हर्णैचा समुद्र जसा आम्ही लग्नानंतर पाहिला तसाच होता. नंतरच्या चित्रांत त्याचा रंग उतरत गेला होता. हिरवट, पिवळट, कुठं कुठं डबक्यातल्या पाण्यासारखा. आकाशावरही तीच झाक. तारखा मागं लिहिलेल्या होत्या. सगळी नंतरची चित्रं सासूबाई गेल्यानंतरची होती.

त्या रात्री भांडी पुसताना शिरीष म्हणाला की आई गेल्यापासून अण्णांच्या चित्रातला रंगच गेला बघ. मलाही तेच वाटलं होतं. गावातही तेच वाटत होतं म्हणे. प्रदर्शनाच्या कल्पनेमागं, मास्तरांनी आपलं दुःख कसं रंगवलंय, हे कौतुकच होतं. अण्णांना यातलं कुणी तोंडावर काही बोलत नसे. सासूबाईंबद्दल तेही बोलत नसत. विषय निघाला तर उठून खिडकीशी जात.

बोलायचे ते ठिपकेवाल्याबद्दल. ठिपकेवाला म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच चित्रकार. त्याचं नाव उच्चारायचं कसं, यावर अण्णांचं आणि एका शाळा तपासनिसांचं एकदा वाजलं होतं, तेव्हापासून अण्णांनी नावच टाकलं आणि वर्गात, घरात, सगळीकडे तो ठिपकेवालाच झाला. त्याच्या चित्रपंथाचा उत्तर-दृक्प्रत्ययवाद हा शब्द मात्र ते न अडखळता, चवीनं म्हणत. शाळेच्या लायब्ररीत कलेच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात त्याचं एक समुद्रचित्र छापलेलं होतं, काळं-पांढरं, पोस्टकार्डाएवढं. एक धक्का, एक दिवा, रिकामी वाळू, आणि पाणी. माणूस एकही नाही. त्या चित्रावर अण्णांनी पिढ्या शिकवल्या. खराट्याच्या हिराच्या काडीचं टोक रंगात बुडवून मुलांना ठिपक्यांचा समुद्र करायला लावायचे. घराघरांत ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलींना हे आपलंच वाटायचं, पण अण्णा बजावायचे की रांगोळीत ठिपके जोडायचे असतात, इथं जोडायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यानं करायचं.

तेच सगळं त्यांनी आमच्या मुलीला, ईरालाही शिकवलं. ती तेव्हा दहाची. अण्णा मराठीत सांगत, ती जर्मनमध्ये उत्तर देई, मधूनमधून ‘गेनाऊ, आजोबा’, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणे आणि दोघांचं छान चाले. ठिपकेवाल्याच्या आधीचे लोक उन्हात उभं राहून, ऊन पळायच्या आत चित्र संपवायचे. यानं ठरवलं की घाई नको, रीत हवी. निळा आणि पिवळा पॅलेटवर कालवायचा नाही. शेजारी शेजारी ठेवायचा, मग तो कागदावर मेलेला हिरवा होत नाही, डोळ्यात जिवंत होतो. हिवाळाभर शहरात माणसांची मोठमोठी चित्रं करायची आणि उन्हाळ्यात उत्तरेच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्र रंगवायचा, म्हणजे डोळा पुन्हा लख्ख होतो. तिशी ओलांडली न ओलांडली तोच गेला बिचारा.

त्याचं इतिहासातलं स्थान, हा अण्णांचा आवडता वादाचा मुद्दा. पुस्तकं त्याला बागेतल्या माणसांच्या त्या एका भल्यामोठ्या चित्रामुळं ओळखतात आणि समुद्रचित्रांना सुट्टीतला विरंगुळा म्हणून एक परिच्छेद देतात. अण्णांचं म्हणणं उलटं. मोठ्या चित्रात त्यानं रीत सिद्ध केली, पण तो मोकळा झाला समुद्रापाशी. लाटा न काढता समुद्र नुसता रंगांनी बांधता येतो, हे त्यानं दाखवलं, आणि पुढच्या लोकांनी त्यातून हवं ते उचललं. कुणी ठिपके मोठे करून भडक रंगांचा धुमाकूळ घातला, त्यात इथले जर्मन तरुणही आले. कुणी धक्का आणि पाणी यांच्यातून नुसत्या उभ्या-आडव्या रेघा ठेवल्या. हे सगळं अण्णा पोस्टकार्डाएवढ्या काळ्या-पांढऱ्या छापावरून सांगत होते, हे मला फार नंतर लक्षात आलं. त्यांनी ते चित्र रंगात कधी पाहिलंच नव्हतं.

अण्णांच्या काही गोष्टी त्या दिवसांत मला खटकत होत्या. श्पार्गेल आणले की म्हणायचे, पिवळे पडलेले कशाला घेतलेस, शिळे आहेत. एका पायात निळा मोजा आणि एका पायात काळा घालून फिरायला जायचे. मोतीबिंदू होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. तालुक्याच्या कॅम्पात डॉक्टरांनी सुरुवात झाली असं सांगितलं होतं. पण आपल्याकडे मोतीबिंदू लगेच काढत नाहीत. तो पिकू द्यायचा असतो. पिकला की काढायचा, तोही थंडीत, उन्हा-पावसात डोळ्याला चाकू लावायचा नाही. पहिली थंडी सासूबाईंच्या वर्षश्राद्धात गेली, दुसरीत घराची कौलं काढली, तिसरीत चित्रांनी जोर धरला. मी एकदा इंटरनेटवर वाचून म्हटलं की आता पिकायची वाट बघत नाहीत, तर अण्णा म्हणाले, “अगं, आंबा आहे की काय कोण जाणे, पण माझा अजून कच्चाच आहे. मला सगळं दिसतं.” आणि खरंच, पेपर वाचायचे, ट्रामचा नंबर लांबून सांगायचे. डोळ्यानं रंग खाल्ला असेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

जूनमध्ये कळलं की ऱ्हाईनकाठच्या एका शहरातल्या म्युझियममध्ये ठिपकेवाल्याचं समुद्रचित्र बघायला मिळेल. पुस्तकातलंच होतं, धक्का आणि दिवा असलेलं. बॉनला शिरीषचा एक मित्र राहायचा, त्याच्याकडे मुक्काम ठेवला. शनिवार-रविवारचं स्वस्त तिकीट काढून, गाड्या बदलत, थालीपिठं खात गेलो. अण्णा नीट तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, खिशात पेन्सिल. गाडीतल्या गार हवेनं त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते रुमालानं टिपत होते.

चित्र छोटंच निघालं. पुस्तकानं त्याच्या कडा कापलेल्या होत्या, हे तिथं कळलं. ठिपकेवाल्यानं चित्राभोवती ठिपक्यांचीच एक किनार रंगवली होती. समुद्र जिथं फिका तिथं किनार गडद, वाळूशी जांभळी, आकाशाशी नारिंगी. अण्णा आधी अगदी जवळ गेले, तर पहारेकरी बाई अदबीनं म्हणाली की थोडं अंतर ठेवा. मग ते मागं सरकत सरकत मधल्या बाकापर्यंत आले. ईरा आणि शिरीष पुढच्या दालनात गेले. मी थांबले.

“व्हर्निश पिवळं पडलंय,” अण्णा म्हणाले. “सगळं हिरवट झालंय. जुन्या चित्रांचं होतं असं. वाईट झालं.”

मला समोर निळा दिसत होता. स्वच्छ, फिका निळा, त्यात गुलाबी ठिपके, धक्क्याच्या सावलीत जांभळे. मला वाटलं, जाणत्या माणसाला व्हर्निश दिसतं, आपल्याला दिसत नाही.

मग अण्णांनी खिशातली पेन्सिल काढली, हात लांब केला आणि एक डोळा मिटला. ही त्यांची सवयच. चित्रकलेचे मास्तर क्षितिज किती वर, दिवा किती उंच, हे असंच मोजतात. ते नेहमी डावा मिटून उजव्यानं बघत. शाळेतली मुलं त्यांची नक्कल करायची तीही डावा डोळा मिटून. पण त्या दिवशी उजवा गळत होता, म्हणून त्यांनी उजव्यावर रुमाल धरला आणि डाव्यानं बघितलं. पेन्सिल तशीच राहिली. मग डावा मिटला. मग उजवा. मला वाटलं, माप जुळत नाहीये. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. लोक येत होते, त्यांच्यासमोरून चित्र बघून जात होते. कितीतरी वेळानं त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि बाकावर बसले.

“मेधा, या पाण्याचा रंग सांग.”

“निळा आहे अण्णा. फिका निळा.”

“आणि माझ्या चित्रांतला?”

मी उत्तर टाळू शकले असते. वाटलंही टाळावं. दिवाळीला प्रदर्शन, विद्यार्थी तयारीला लागलेले. पण शेजारी बसलेला माणूस मास्तर होता, आणि त्यानं ज्या आवाजात विचारलं तो आवाज खोट्यासाठी नव्हता.

“हिरवट आहे,” मी म्हटलं. “पिवळ्याकडे झुकणारा. सुरुवातीच्या दोन-तीनांत नाही. नंतरच्या सगळ्यांत.”

त्यांनी मान हलवली. म्हणाले, डाव्यानं पाणी जरा कमी हिरवं दिसतंय, उजव्यानं जास्त. आणि अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, लावला की त्यांना कागदावर काळा डाग दिसायचा, म्हणून त्यांनी तो वापरणंच सोडलं. ट्यूब तशीच वाळून गेली. रंगाची कंपनी बिघडली असं त्यांना वाटलं होतं. एवढंच बोलले. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले आणि द्राक्षांचे मळे संपेपर्यंत एकदा हा डोळा, एकदा तो, असं मिटत बसले. मला रडू येत होतं. शिरीषनं हळूच विचारलं की काय झालं, तर मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. अण्णांनी भिंतीवरची चित्रं उतरवली, पाइपात भरली, टोपणं लावली. जेवत, फिरायला जात, ईराशी पत्ते खेळत. रंगाला हात लावला नाही. शिरीषला आधी बापाचा राग आला, तीन थंड्या फुकट घालवल्या म्हणून, आणि मग स्वतःचा. इथं ऑपरेशन करू म्हणाला. पण पाहुण्यांच्या विम्यात जुनं दुखणं बसत नाही, आणि अण्णांनाही आपल्या डॉक्टरकडेच जायचं होतं. त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून प्रदर्शन पुढं ढकललं. कारण विचारलं तर म्हणाले, चित्रं अजून पिकायची आहेत.

मी त्या उन्हाळ्यात ठिपकेवाल्यावर जे मिळेल ते वाचलं. त्याच्या त्या मोठ्या चित्रातले काही पिवळे ठिपके थोड्याच वर्षांत तपकिरी पडले, रंगातच खोट होती. म्हणजे लोक इतकी वर्षं ज्या चित्रासमोर उभे राहतात ते त्यानं काढलेलं चित्र नव्हेच, थोडं वेगळं आहे. त्यातल्या मंद उजेडाबद्दल किती जणांनी किती काय वाटून घेतलं असेल. कुणाला संध्याकाळ दिसली असेल, कुणाला उदासी. आम्हीसुद्धा दिवाणखान्यात उभं राहून तेच केलं होतं. इतिहासातलं स्थान वगैरे ठरवणारी माणसं डोळ्यांनीच बघतात, आणि प्रत्येकाच्या डोळ्यात काही ना काही पिकत असतंच. म्हणून अण्णांचा वाद मला आता जास्तच पटतो. समुद्रासमोर एकटं उभं राहून, एकही माणूस न घालता, हा निळा आणि हा नारिंगी एवढंच ठेवून निघून जाणं, हे धाडसाचं काम आहे.

प्रदर्शन पुढच्या होळीला झालं. आम्ही गेलो होतो. हिरवे समुद्र अण्णांनी सगळेच्या सगळे लावले, आणि चार नवे निळे. काही सांगितलं नाही, पाटी लावली नाही. लोक हिरव्यांपुढं हळहळत होते, मास्तरांनी बाई गेल्याचं दुःख कसं रंगवलंय म्हणत होते. शिरीष मध्येच बोलायला निघाला, तर अण्णांनी त्याचा दंड धरला. तेव्हा मला कारण माहीत होतं, कारण फोन आधीच येऊन गेला होता.

तो फोन दिवाळीच्या सुमाराचा. दसऱ्यानंतर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. नातेवाइकांनी थंडी पडू द्या म्हणून सांगून पाहिलं, अण्णांनी ऐकलं नाही. काळा चष्मा उतरवायची परवानगी मिळाली त्याच दिवशी ते किनाऱ्यावर गेले आणि परत येऊन आम्हाला फोन लावला. शिरीष ऑफिसात होता, मी घेतला.

“समुद्र निळा आहे,” ते म्हणाले. मी विचारलं, अण्णा, आहात ना.

“आहे. अगं, ती गेली त्याच सुमाराला तो उतरला होता. मला वाटलं, असंच होत असणार. आपलं माणूस गेलं की त्याचाही रंग जातो. मी कुणाला बोललो नाही. रोज जाऊन बसायचो त्याच्यापाशी, म्हटलं, निदान हा तरी आपल्यासारखाच आहे. आणि त्याला काही झालेलंच नव्हतं, मेधा. निळाच होता. तिच्यामागं, इतके दिवस.”

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं म्हणतात डॉक्टर.

“पुढच्या महिन्यात म्हणतायत. मी नको म्हणून सांगितलंय.”

“का हो अण्णा?”

“डाव्यानं बघितलं की अजून तसाच दिसतो,” ते म्हणाले. “राहू दे थोडे दिवस.”